खिरापतीचा बंद डबा

घटस्थापना जवळ आली की आमच्या शाळेच्या फाटकाशी सप्तपर्णी फुलते. नाव छान, फुलं चिमुकली, वास मात्र असा उग्र की संध्याकाळी पालकसभा असली तर निम्म्या आया नाकाला पदर लावून बसतात. मला तो वास आवडतो. इतक्या वर्षांत माझ्या नाकाने त्या वासाची आणि भोंडल्याची गाठ पक्की मारून ठेवली आहे. यंदाही परवा फाटकातून आत शिरताना तो आला आणि मी वर्गात जायच्या आधी थेट भांडारखोलीत गेले, पाट जागेवर आहे का ते बघायला. पाट होता. त्याच्या एका पायाला वाळवी लागली आहे. ते मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं, पण शाळेत सांगितलेली कामं आढीतल्या आंब्यासारखी पिकायला ठेवतात.

आमची शाळा गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीकडे चढणाऱ्या रस्त्यावर. मराठी माध्यम. मी नोकरीला लागले तेव्हा हजेरी घेताना डोळे मिटले तरी चालायचं. परब, सावंत, तांबे, घाडी, पुन्हा सावंत. बहुतेकांचे आजोबा गिरणीत, बहुतेकांचं गाव कोकणात आणि बहुतेकांच्या डब्यात सोमवार सोडला तर सुकटीची चटणी. मग हळूहळू ही सगळी आडनावं पिवळ्या बसमध्ये बसून आमच्या फाटकासमोरून इंग्रजी शाळेत जायला लागली. वर्ग ओस पडत चालले. शाळा आज बंद होणार, उद्या बंद होणार, असं लोक इतक्या वेळा म्हणाले की एका दिवाळीत मी स्वतःच बाकांचा निरोप घेऊन टाकला होता.

शाळा बंद पडली नाही. रिकाम्या बाकांवर दुसरी मुलं येऊन बसली. समोरच्या टॉवरच्या नेपाळी वॉचमनची मुलगी आली, बिहारच्या सुताराची आली, मेट्रोच्या कामावर आलेल्या तेलुगू कुटुंबांतली जुळी भावंडं आली. शिवाय दुसऱ्या शाळांनी गोड हसून ‘हिला इथे झेपणार नाही हो’ म्हणून परत पाठवलेली मुलं आली. कुणाच्या कानात यंत्र, कुणाला अक्षरं ओळखायला चौपट वेळ. आमच्याकडे नाही म्हणण्याची ऐपतच नव्हती, हे खरं. पण ऐपत नव्हती म्हणून सुरू झालेल्या गोष्टीचं पुढे आम्ही काय केलं, ते आमचं. माझ्या नणंदेने एकदा नाक मुरडून म्हटलं होतं, ‘काय गं ही तुमच्या शाळेची खिचडी!’ मी म्हटलं, ‘खिचडी आजाऱ्यालाही पचते आणि धडधाकटालाही. तुमच्या पुलावाचं तसं नाही.’ त्यानंतर आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं.

भोंडला मात्र कधी बंद पडला नाही. नवरात्रातल्या एका दुपारी मधली सुट्टी संपली की मैदानात पाट मांडायचा, त्यावर रांगोळीने हत्ती काढायचा, त्याला झेंडूची माळ घालायची आणि भोवती फेर धरायचा. पूर्वी फक्त मुली असायच्या. मग दुसरीतल्या मुलांनी ‘आम्ही काय पाप केलंय?’ असं विचारलं. त्याला कुणालाच उत्तर सुचलं नाही, म्हणून तेही फेरात आले. एका वर्षी मागच्या फिल्म स्टुडिओत सेट रंगवणाऱ्या एका पालकाने थर्माकोलचा हत्ती आणून दिला होता, चांगला माझ्या खांद्याएवढा, सोंडेवर सोनेरी नक्षी. मुलांनी त्याच्याबरोबर फोटो काढले, सोंडेला लोंबकळून पाहिलं आणि भोंडल्याच्या वेळी म्हणाली, ‘बाई, हा बाजूला ठेवा ना. आपला काढा.’ माझा रांगोळीचा हत्ती दरवर्षी डुकराच्या अंगाने जातो. तरी मुलांना तोच लागतो.

गाणी सगळ्यांना येतात असं नाही. तेलुगू जुळी भावंडं शब्द कळेपर्यंत नुसती शेवटची ओळ धरायची आणि ती अशा जोरात की पुढच्या गाण्याची सुरुवात तिच्यात बुडून जायची. ज्या छोटीच्या कानात यंत्र होतं, ती समोरच्या मुलीच्या पायांकडे बघून ठेका धरायची. सासू, सासर, रुसलेली सून या गोष्टी आमच्या मुलांना गाण्यातूनच माहीत. बिहारच्या सुताराची पोर मात्र एकदा गाणं थांबवून म्हणाली होती, ‘बाई, हे तर आमच्या गावाला खरंच होतं.’ त्या दिवशी मी पुढचं गाणं जरा उशिरा सुरू केलं.

पण सगळा जीव खिरापतीत. गाणी संपली की एकेकीने आपला झाकलेला डबा घेऊन मध्ये यायचं, तो कानाशी हलवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? आमच्या शाळेचा एक नियम आहे, तो कुणी घातला ठाऊक नाही, मी आले तेव्हाही होता. जो ओळखेल त्याने झाकण उघडायचं आणि पहिला घास त्याचा. मागे बसलेल्या आयांनी तोंड उघडायचं नाही. परब-सावंतांच्या काळात हा खेळ सोपा होता. करंज्या, लाडू, वाटली डाळ, भिजवलेले शेंगदाणे, फार तर कुणाच्या मावशीने पाठवलेली नारळाची वडी. आठ-दहा नावं घेतली की झाकण उघडायचंच.

आता सानिकाबद्दल सांगते. सानिका सावंत तिसरीपासून माझ्या वर्गात. जन्मापासून पायांत जोर कमी, म्हणून वॉकर घेऊन चालणारी. डोकं तल्लख आणि जीभ त्याहून. तिची आई मूळची मालवणकडची, लग्नानंतर दिंडोशीच्या वसाहतीत आलेली. या बाईने शाळेत उतार बांधून घेण्यासाठी काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रोज सकाळी ती मुलीला घेऊन पायऱ्यांशी यायची आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, समोरून जाईपर्यंत तिथेच उभी राहायची. भांडायची नाही. नुसतं म्हणायची, ‘नमस्कार बाई. पायऱ्या अजून आहेत.’ पावसाळाभर हे चाललं. शेवटी मोठ्या बाईंनी संस्थेच्या लोकांच्या मागे लागून उतार करून घेतला. त्या दिवशी सानिका त्यावरून वॉकर ढकलत वर गेली, वळली आणि उगाचच पुन्हा खाली आली. तिची आई फाटकाशी उभी राहून तोंडात पदर धरून रडत होती. आम्हा सगळ्या शिक्षकांना त्या बाईचा केवढा तरी अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो.

सानिका फेरात आली आणि भोंडल्याची चाल बदलली. आधी मुली गरगर फिरायच्या. मग फेर सानिकाच्या वॉकरच्या वेगाने सरकायला लागला. खट, एक पाऊल, खट, दुसरं पाऊल. गाण्याचा ठेकाही त्यावर बसला. हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा जिने वेग कमी केला ती सानिकाच्या शेजारची मुलगी, नगमा.

नगमा तिसरीत, शाळा सुरू होऊन महिनाभर झाल्यावर आली होती. आधी ते लोक माहुलला राहत, मग वडिलांना विमानतळावर सामान चढवायचं काम मिळालं म्हणून इकडे आले. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी तिचं नाव ऐकून तिला हिंदीत विचारलं, ‘बेटा, मराठी समझती हो?’ पोरीने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. ‘बाई, आम्ही रत्नागिरीचे. तुम्ही हिंदीत का बोलता?’ मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. मला ती पोर त्याच क्षणी आवडली. सानिकाचं दप्तर उचलणं, वॉकर दारात अडकला तर पुढचं चाक उचलून देणं, हे तिने न सांगता अंगावर घेतलं. बदल्यात सानिका तिला गणितं सांगायची आणि वर ‘किती ढ आहेस गं तू’ असंही म्हणायची.

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर सानिकाची आई फाटकाशी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘बाई, मनावर घेऊ नका, पण खिरापत जरा बघून घ्याल का? नवरात्र आहे, आमच्याकडे सोवळं असतं. पोरगी कुठलंही बाहेरचं खाते.’

‘बाहेरचं म्हणजे?’ मी विचारलं.

‘म्हणजे… कुणाकुणाच्या घरचं.’ तिची नजर खाली गेली. ‘आमच्या सासूबाईंना नाही चालत हो.’

तिने नाव घेतलं नाही आणि मीही काढून घेतलं नाही. दोघींनाही ते कळलं होतं. तिच्यासारखं बोलणाऱ्या आणखी काही आया निघाल्या. कुणी सोवळ्याचं नाव पुढे केलं, कुणी पोट बिघडण्याचं. मोठ्या बाईंना वाद नको होता. त्यांनी सगळ्यांना बरा वाटेल असा मार्ग काढला. घरून कुणी काही आणायचं नाही, शाळेतर्फे सगळ्यांना सारखाच बिस्किटांचा पुडा. ‘आता भेदभावाचा प्रश्नच मिटला,’ त्या मला म्हणाल्या. मला खूप राग आला होता. सगळ्यांना सारखं दिलं म्हणजे सगळ्यांना सारखं धरलं, असं थोडंच असतं? एका मुलीच्या घरचं खायचं नाही एवढ्यासाठी आम्ही सगळ्यांच्या घरांची चव बंद केली होती आणि वर त्याला समानता म्हणत होतो.

तो भोंडला मला आठवतो तो त्याच्या शांततेने. गाणी झाली. मोठ्या बाई झाकलेलं खोकं घेऊन मध्ये उभ्या राहिल्या आणि उत्साहाने म्हणाल्या, ‘ओळखा पाहू!’ सगळ्या पोरांनी एका आवाजात सांगितलं, ‘बिस्किट.’ झालं. खेळ संपला. मुलांनी पुडे घेतले, फाडले, खाल्ले. हत्तीभोवती नुसते चकचकीत कागद उडत राहिले. नगमाने आपला पुडा न फोडता दप्तरात टाकला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मुलांना सांगावं लागत नाही. घरी जाताना तिने मला विचारलं, ‘बाई, पुढच्या वर्षीपण बिस्किटच?’ मी ‘बघू’ म्हटलं. शिक्षकांचा हा एक शब्द कायद्याने बंद करायला हवा.

यंदा मुलं काय काय आणणार आहेत त्याची कुजबुज आत्तापासून सुरू आहे. काल चौथीतली एक पोर दुसरीला बजावत होती, ‘तुझ्याकडून ठेकुआचा वास येतोय हं, मी ओळखणार.’ ही पोर परबांची. ठेकुआ म्हणजे बिहारकडचा कणीक-गुळाचा तळलेला खाऊ; हा शब्द तिच्या सात पिढ्यांत कुणी उच्चारला नसेल. आमच्याकडे समावेशक शिक्षणाची प्रशिक्षणं होतात. पंखा फिरत असतो, पडद्यावर बाण आणि चौकोन येतात, चहाबरोबर समोसा मिळतो. मी सगळी केली आहेत आणि काही उपयोगीही पडली आहेत. पण शेजारणीच्या घरात काय शिजतं हे आपणहून माहीत करून घ्यावंसं वाटणं, हे कुठल्या चौकोनात बसवायचं ते मला अजून त्या पडद्यावर दिसलेलं नाही.

तर त्या बिस्किटांच्या पुढच्या वर्षी, सानिका आणि नगमा चौथीत असताना, मी श्रावणातच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

‘भोंडल्याला डबे घरून येऊ देत,’ मी म्हटलं.

‘अगं, पुन्हा आया येतील.’

‘येऊ देत. मी बोलीन.’

‘आणि तिचा डबा कुणी घेतलाच नाही तर?’ मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. ‘बिस्किटांनी निदान पोरीचा अपमान तरी झाला नाही. सगळ्यांसमोर भरलेला डबा घेऊन ती परत गेली, तर तू काय करशील?’

मोठ्या बाई भित्र्या असतील, पण निर्दयी नव्हत्या. त्यांची भीती खरी होती आणि खोलीबाहेर पडताना ती मी माझ्याबरोबर घेऊन आले. ‘जबाबदारी माझी,’ असं मी तोऱ्यात म्हणून आले होते खरी, पण नऊ वर्षांच्या मुलीचं तोंड पडलं तर ती जबाबदारी नेमकी कशी भरून देतात?

मी वर्गात एवढंच सांगितलं, ‘यंदा खिरापत घरून आणायची. जी कुणालाच ओळखता येणार नाही, ती जिंकली.’ मग काय, वाट लागली. सगळी पोरं हेर झाली. कुणाच्या घरी काय करतात, कशात तळतात, आई कुठल्या दुकानातून काय आणते, यावर मधल्या सुट्टीत चौकशा सुरू झाल्या. अभ्यासाच्या वहीचं निमित्त काढून पोरं एकमेकांच्या घरी थडकायला लागली. नेपाळी मुलीच्या घरी एका संध्याकाळी इतकी गर्दी झाली की तिच्या वडिलांना वाटलं, हिने शाळेत काही तरी केलं. ते घाबरून मला भेटायला आले. मी त्यांना खरं कारण सांगितल्यावर ते बराच वेळ हसत होते. ‘मॅडम, इतके पाहुणे तर आमच्या गावीपण येत नाहीत,’ असं म्हणाले.

नगमाच्या घरी किती जणी गेल्या, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं म्हणा.

भोंडल्याच्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. मी पाटावर हत्ती काढला. नेहमीप्रमाणे कुणी तरी म्हणालं, ‘बाई, डुक्कर छान जमलंय.’ मुलांनी डबे ओळीने भिंतीशी ठेवले होते. स्टीलचे, प्लॅस्टिकचे, एक चक्क छोटा कुकर. नगमाचा डबा जर्मनचा, उभट, दोरीने आडवा-उभा बांधलेला. तिची आई आली नव्हती. ‘आमी तंय येवन काय करू?’ असं ती म्हणाली, हे नगमाने मला सांगितलं. मागे आयांची रांग होती, त्यात सानिकाची आई. दोन आया गाणी संपताच घड्याळाकडे बघत आपापल्या मुलींना हाताला धरून निघून गेल्या. तेही सांगायला हवं, नाही तर ही नुसती गोड गोष्ट होईल.

डबे उघडत गेले. नेपाळी मुलीची सेलरोटी, तांदळाची गोड तळलेली कडी, परबांच्या पोराने ओळखली आणि सगळ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. तेलुगू जुळ्यांचा डबा बघून ‘ही तर पुरणपोळी!’ असा गलका झाला आणि ती दोघं ‘नाही, बोब्बट्लू!’ म्हणून हट्टाला पेटली. शेवटी दोन्ही नावं बरोबर धरली. आणि मग नगमा आपला दोरी बांधलेला डबा घेऊन मध्ये आली. तिने तो कानाशी हलवला. काहीच वाजलं नाही.

‘गोड की तिखट?’

‘गोड.’

‘तळलेलं?’

‘नाही. वाफवलेलं.’

‘शीरखुर्मा!’ मागून एक जण ओरडला.

‘शीरखुर्मा वाफवतात का रे, येड्या?’ नगमा म्हणाली.

‘मग फिरनी? मालपुवा? ते… हलीमसारखं गोड काय तरी असतं ना?’ जिथे तिथे ऐकलेली, मोबाइलवर पाहिलेली नावं येत होती. पोरांनी दिल्ली गाठली, हैदराबाद गाठलं, एकाने तर दुबईतलं काही तरी सांगितलं. नगमा प्रत्येकाला मान हलवत होती. आधी हसत, मग नुसतीच. मागे आया गप्प होत्या. नियमच तसा होता, पण ती शांतता नियमाची नव्हती.

‘रंग?’ सानिकाने विचारलं. इतका वेळ ती वॉकरवर रेलून विचार करत होती.

‘पांढरा.’

‘तांदूळ आहे?’

‘आहे.’

‘जाळी आहे? इडलीसारखी? पण इडली नाही?’

नगमाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काळजी दिसली. ‘हो…’

‘सांदणं!’ सानिका किंचाळली. ‘फणसाची सांदणं! माझी आजी करते!’

‘सांदणं बरोबर,’ नगमा म्हणाली, ‘पण फणसाची नाहीत.’

‘मग अर्धंच ओळखलं!’ ‘असं कसं अर्धं?’ ‘सांदणं फणसाचीच असतात!’ असा एकच गोंधळ उडाला. सानिका मानेना, नगमा हटेना. आणि त्या गोंधळात मागच्या रांगेतून, नियम मोडून, न राहवून एक आवाज आला.

‘अगो, आश्विनात फणस खयसून येतलो? नारळाच्या रसातली ती! रत्नागिरीक तशीच करतत!’

सानिकाची आई. ती उठून उभी राहिली होती, हात वर करून, वर्गातल्या हुशार मुलीसारखी. बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण बोललो. सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं.

‘चीटिंग! आयांनी बोलायचं नाही!’

‘पण ओळखलं ना यार! मग काकूंनीच उघडायचं!’

‘काकू, या ना! पहिला घास तुमचा!’

पोरांना काय ठाऊक, त्यांनी कुणाला कशासाठी बोलावलं ते. मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून त्या डब्यात कुठला तरी दूरचा मुलूख शोधला होता आणि आत निघाली होती रत्नागिरी, तिच्या माहेरच्या जिल्ह्याला लागून असलेली. नगमा डबा घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

सानिकाच्या आईने दोरी सोडली. झाकण काढलं. वाफेचा ओलसर, नारळाचा वास आला. तिने वाकून आत बघितलं आणि स्वयंपाक करणारी बाई दुसरीचा पदार्थ जसा बघते, तसा तो डोळे बारीक करून पाहिला. ‘जाळी झकास पडलीय,’ ती म्हणाली. ‘पीठ कशाने आंबवलं गं आईने?’

‘विचारून सांगते,’ नगमा म्हणाली.

‘माझा उपास आहे,’ सानिकाची आई म्हणाली. माझा चेहरा बघून ती जवळजवळ ओरडलीच, ‘खरंच आहे हो, बाई! तांदूळ नाही चालत!’ आणि तिने एक सांदण उचललं, त्याचा तुकडा मोडला आणि वॉकरला दोन्ही हातांनी धरून उभ्या असलेल्या आपल्या मुलीच्या तोंडात स्वतःच्या हाताने घातला.

सानिकाने चावलं. डोळे मिटून, चवीने. ‘आई,’ ती म्हणाली, ‘तुझ्यापेक्षा मऊ झालीत.’

आया हसल्या. सानिकाची आईही हसली, पण आधी तिने लेकीकडे एकदा असं बघून घेतलं की घरी गेल्यावर सानिकाचं काय झालं असेल ते मला कळलं. मग पोरांचा लोंढा डब्यावर पडला. कुणी कुणाच्या बगलेतून हात घातला, कुणी तुकडा तोंडात कोंबून दुसऱ्यासाठी परत आला. हत्तीची सोंड कुणाच्या तरी पायाखाली विस्कटली. मोठ्या बाई लांबून चष्मा काढून बघत होत्या आणि तो पुसायचं विसरल्या होत्या.

आदल्या वर्षीचा सोवळ्याचा विषय सानिकाच्या आईने पुन्हा काढला नाही, मीही नाही. सासूबाईंना तिने काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला माहीत नाही. माणसं एका दुपारीत बदलतात असं मी मानत नाही. पण दिवाळीनंतर एकदा फाटकाशी ती आणि नगमाची आई पीठ आंबवण्यावरून चांगल्या तावातावाने वाद घालताना दिसल्या. एकीचं म्हणणं असं, तर दुसरीचं तसं. मी मध्ये पडले नाही. दोघी मुली आता दहावीला आहेत. दहावीचा वर्ग पूर्वी तिसऱ्या मजल्यावर असायचा, यंदा तो सानिकासाठी तळमजल्यावर आणला आहे. त्यासाठी कुणाच्या आईला पायऱ्यांशी उभं राहावं लागलं नाही. आमच्या शाळेला क्रीडांगण म्हणावं असं क्रीडांगण नाही, संगणक कधी चालतात कधी रुसतात, निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात आमचं नाव येत नाही. तरी मला कुणी विचारलं, ‘कुठे असता?’ तर मी शाळेचं नाव मान जरा वर करून सांगते. नणंदेसमोर तर जास्तच.

त्या सांदणांच्या दुपारी सगळे पांगल्यावर मी मैदानातले झेंडू गोळा करत होते. मागून कुणी तरी माझा पदर ओढला. वळून बघते तो नगमा. ओठ बाहेर काढलेला, डोळ्यांत पाणी. माझ्या मनात नको ते येऊन गेलं. कुणी काही बोललं का हिला? मी तिच्यासमोर खाली बसले.

‘काय झालं गं?’

तिने डबा माझ्यापुढे उलटा केला आणि जोरात हलवला. त्यातून एक कण पडला नाही.

‘बघा ना, बाई! मी आणलं आणि मलाच एक पण नाही ठेवलं! सगळे हावरट आहेत. तुम्ही ओरडा ना त्यांना!’

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे हजार तक्रारी आल्या असतील. ही ऐकून मात्र मी त्या पोरीला जवळ ओढलं आणि म्हटलं, ‘ओरडते हं. उद्या सगळ्यांना चांगली ओरडते.’